एका दगडी घरात चार वाटांनी आलेली ओल

घर एकमजली, वर माळा. भिंती साधारण ५५ सेंटिमीटर जाडीच्या: आतून-बाहेरून ओबडधोबड घडवलेल्या दगडांचे थर आणि मधल्या पोकळीत चुना, माती, दगडाच्या कपच्या असा भराव. घर उतारावर आहे, त्यामुळे मागची जमीन घराच्या अंगावर येते आणि पुढची खाली उतरत जाते. जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून जोत्यात जो थर घालतात, ज्याला हल्ली सगळे डीपीसी म्हणतात, तो इथे नाही. जुन्या दगडी घरांना तो बहुधा नसतोच.

मालकांची तक्रार एवढीच: घराला ओल आहे. त्यावर मिळालेला सल्लाही तेवढाच आटोपशीर: सगळ्या भिंतींना तळाशी ओळीने भोके पाडून रसायन भरा आणि आतून वॉटरप्रूफ गिलावा करून टाका. काम जवळजवळ ठरले होते. ते अडले घरातल्या थोरल्या बाईंच्या एका शंकेवर. मधल्या भिंतीला भर उन्हाळ्यातही ओल असते, मागच्या खोलीला पाऊस पडला की येते, आणि कपाटामागची बुरशी तर खरा पाऊस लागायच्या आधीच दिसते. मग सगळ्यांना एकच औषध कसे चालेल?

पुढचा सगळा तपास या शंकेवर उभा राहिला.

भिंतीवर पेन्सिल

ओल कुठे आहे हे घरातला प्रत्येकजण बोट ठेवून दाखवत होता. ती कधी पसरते आणि कधी मागे हटते, हे मात्र कोणी टिपून ठेवले नव्हते. म्हणून प्रत्येक डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारायची, शेजारी तारीख घालायची, आणि एका वहीत त्या दिवसाची नोंद करायची असे ठरले. पाऊस किती झाला, घरात माणसे किती होती, खिडक्या उघड्या होत्या की बंद, न्हाणीघर वापरात होते का. पावसाळाभर आणि पावसाळा सरल्यावरही.

मध्यंतरी कोणीतरी ओलावा मोजायचे दोन टोच्यांचे यंत्र आणले. भिंतीला टेकवले की आकडा लाल होई आणि घरात चिंता पसरे. ही यंत्रे मुळात लाकडासाठी बेतलेली असतात. दोन टोच्यांमधून वीज किती सहज जाते एवढेच ती पाहतात. भिंतीत क्षार असले तर वीज सहज जाते आणि भिंतीत पाणी थोडे असले तरी यंत्र तिला चिंब ठरवते. त्यापेक्षा दर्जांमधला, म्हणजे दगडांच्या सांध्यांमधला, चुना वेगवेगळ्या उंचीवर आणि खोलीवर गिरमिटाने खरवडून काढला, त्याचे वजन केले, वाळवून पुन्हा केले. दोन वजनांतला फरक म्हणजे पाणी. नमुना दगडातून न घेता दर्जेतून घ्यायचा, कारण अशा भिंतीत पाण्याचा खरा प्रवास चुन्यातून होतो.

या वजनांनी एक गोष्ट लगेच दाखवली. मागची भिंत आतल्या अंगापेक्षा बाहेरच्या अंगाला जास्त ओली होती. मधली भिंत मात्र तळाशी, अगदी गाभ्यात भिजलेली होती. पाणी एकाच ठिकाणाहून येत असते तर असे चित्र दिसले नसते.

मागची भिंत: जमीनच वर आली होती

मागच्या खोलीत आतून सुमारे ६० सेंटिमीटर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केलेला होता. कुठल्याशा जुन्या दुरुस्तीत केलेला, आणि त्यावर ओलरोधक रंग. टकटक करून पाहिले तर निम्म्या जागी पोकळ आवाज येत होता. ओल त्या पट्ट्यावर दिसतच नव्हती, ती पट्ट्याच्या वर दिसत होती. पट्ट्यातून बाहेर पडता येईना तेव्हा पाणी भिंतीच्या आतून वर सरकले आणि जिथे जुना चुना उघडा मिळाला तिथे बाहेर आले. तिथेच लोणा (भिंतीतून बाहेर फुटलेले क्षार) लागला होता आणि पोपडे सुटत होते.

पण लक्ष वेधले ते डागाच्या वरच्या कडेने. ती आडवी सरळ नव्हती. एका टोकाला जमिनीपासून सुमारे १.१ मीटर, दुसऱ्या टोकाला जेमतेम ७० सेंटिमीटर, मधे सावकाश उतरत गेलेली. पायाखालून वर चढणारी ओल अशी तिरकी क्वचितच जाते. बाहेर जाऊन पाहिले तर मागची जमीनही त्याच बाजूला उतरत होती. एका टोकाला ती आतल्या फरशीपेक्षा ४० सेंटिमीटर वर, दुसऱ्या टोकाला फरशीच्या बरोबरीने. आत उमटलेला डाग हा बाहेरच्या मातीचा नकाशा होता.

माती एवढी वर आली कशी, याचे उत्तर खड्ड्यात मिळाले. भिंतीलगत पाहणीसाठी खणले तेव्हा वरून खाली असे थर निघाले: काँक्रीटचा कोबा, त्याखाली फरसबंदी, तिच्याखाली वाळू, पुन्हा एक जुनी फरसबंदी, मग बागेची काळी माती, आणि तिच्याही खाली घर बांधतानाची मूळ जमीन. कोणीच काही वावगे केले नव्हते. प्रत्येक पिढीने आधीचे न काढता त्यावर आपला थर टाकला, एवढेच.

सर्वांत वरचा कोबा पाणी भिंतीपासून लांब जावे म्हणून घातलेला. तो काळाने भिंतीच्या बाजूला खचला होता, भिंत आणि कोबा यांच्यात बोटभर फट पडली होती, आणि मागच्या अंगणाचे पाणी त्या फटीत उतरत होते. शिवाय त्याने माती झाकून टाकल्यामुळे जमिनीतल्या ओलीला वाफ होऊन निघायला भिंतीशिवाय वाट उरली नव्हती.

बाहेरच्या दर्जाही सिमेंटने भरलेल्या. सिमेंट ताठ, चुन्यातली भिंत लवचिक. ऊन-पावसात भिंत किंचित हलते आणि सिमेंटच्या दर्जेला केसाएवढ्या भेगा जातात. त्या भेगांतून पाणी आत सहज ओढले जाते, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, पण घट्ट सिमेंटमधून वाफेला बाहेर येता येत नाही. मग ती दगडातून यायला बघते, क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे साठतात, आणि वर्षानुवर्षे टिकलेल्या दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. या घरात दर्जा शाबूत आणि दगड झिजलेला असे चित्र होते. असायला हवे ते नेमके उलटे. चुन्याची दर्जा झिजावी, दर काही वर्षांनी भरून काढावी, आणि दगड राहावा.

वरून, खालून आणि हवेतून

बाकीच्या तीन वाटा त्या मानाने लवकर सापडल्या.

मागच्या कोपऱ्यात छताजवळचा डाग पन्हळीचा. मागच्या छपराचे आडवे क्षेत्र सुमारे ६० चौरस मीटर आहे. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की १,५०० लिटर पाणी पन्हळीत येते, आणि ते सगळे एका निमुळत्या, पाल्याने अर्ध्या बुजलेल्या नळात उतरायचे. जोराच्या सरीत पन्हळ मागच्या काठाने सांडे आणि पाणी भिंतीच्या माथ्यावर पडे. भरावाच्या भिंतीत असे पाणी पडले की ते सरळ खाली येत नाही. गाभ्यातल्या पोकळ्यांतून वाट काढत भलतीकडेच निघते. इथे ते खिडकीच्या वरच्या दगडावर निघत होते, आणि म्हणून खिडकीच दोषी ठरली होती. होजने एका वेळी एकेका जागी पाणी सोडून पाहिले, खालून सुरुवात करून वर. खिडकीभोवती कितीही पाणी मारले तरी आत काही आले नाही. पन्हळ भरून सांडली तेव्हा आले. (खालूनच सुरुवात करावी लागते. वरून केली तर ओघळ सगळ्याच जागा भिजवतो आणि चाचणी वाया जाते.)

मधल्या भिंतीचे पाणी वहीने पकडून दिले. या डागाला पावसाशी देणेघेणे नव्हते. घर काही आठवडे बंद होते तेव्हा मात्र तो पेन्सिलच्या रेघेपासून मागे सरकला, आणि माणसे परतल्यावर पुन्हा रेघेला टेकला. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर, आणि त्याच्या सांडपाण्याची जुनी भाजलेल्या मातीची नळी फरशीखालून याच भिंतीतून जाते. नळीचे खालचे तोंड बुचाने बंद करून वरपर्यंत पाणी भरले, तर पातळी डोळ्यादेखत उतरली. नळीचा सांधा निसटला होता आणि त्यात झाडाची मुळे शिरली होती. अशा गळतीत भिंत भिजते हे खरे, पण त्याहून काळजीचे म्हणजे वाहते पाणी पायाखालची बारीक माती धुऊन नेते. इथे ते फारसे झाले नव्हते. भिंतीला तिरक्या भेगा दिसू लागल्या असत्या तर हे प्रकरण निराळे झाले असते.

उरली कपाटामागची बुरशी. ती पुढच्या खोलीत, जिथे भिंत बाहेरून कोरडी आणि जमीन खाली उतरलेली. इथे पाणी बाहेरून येतच नव्हते, ते हवेत होते. जाड दगडी भिंत सावकाश तापते. थंडीचे दिवस सरून दमट उबदार हवा सुरू झाली तरी भिंत बरेच दिवस गार राहते. वहीतल्या एका दुपारी खोलीतली हवा ३१ अंश, आर्द्रता ७५ टक्के, आणि कपाटामागची भिंत २४ अंश होती. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याहून गार पृष्ठभागावर दव धरते ते तापमान, सुमारे २६ अंश येतो. म्हणजे भिंतीवर दव धरणारच. घरच्यांनी ओल जावी म्हणून नेमक्या त्याच दिवसांत खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या आणि दमट हवेला रस्ता करून दिला होता.

ओल्या भिंतीतून उष्णता सुक्या भिंतीपेक्षा जास्त वाहते. त्यामुळे थंड हवामानात, आतून उबदार ठेवलेल्या घरात, बाहेरून भिजलेली भिंत आतून अधिक गार होते आणि तिच्यावर आणखी दव धरते. तिथे दोन वाटा एकमेकींत मिसळतात आणि वेगळ्या काढणे अवघड जाते. या घरात त्या वेगळ्या खोल्यांत होत्या, हे आमचे नशीब.

रसायन भरायचा सल्ला मागे पडला तो इथे. एकसंध विटांच्या भिंतीत त्याला काही अर्थ असू शकतो. भरावाच्या दगडी भिंतीत ते सगळीकडे सारखे पसरेल याची खात्री कोण देणार? आणि जी भिंत बाजूच्या मातीने, पन्हळीने, फुटक्या नळीने भिजते आहे तिला तळाशी रसायनाची रेघ मारून काय उपयोग?

कामाचा क्रम

पन्हळ आधी. नळ मोठा केला, पाला अडवायला जाळी बसवली, पन्हळीचा उतार सरळ केला. त्याच आठवड्यात न्हाणीघराची नळी बदलली. ही दोन्ही कामे स्वस्त आणि झटपट. ती न करता मागची जमीन खणायला घेतली असती तर नंतर कशामुळे काय सुधारले ते कळले नसते.

मागच्या जमिनीचे काम नाजूक होते. पाहणीच्या खड्ड्यात पायाचा तळ फरशीच्या पातळीखाली अवघ्या ४५ सेंटिमीटरवर निघाला. मोठे धोंडे मुरमावर ठेवलेले, पसरट पाया असा नाहीच. अशा भिंतीला खेटून खोल चर खणणे म्हणजे तिच्या पायाखालची जमीन काढणे. म्हणून काम दोन भागांत विभागले. भिंतीलगतची माती फरशीच्या १५ सेंटिमीटर खालीपर्यंत उतरवली, तीही सलग नव्हे, थोडी थोडी लांबी घेऊन. तिथे कोबा परत घातला नाही, धुतलेल्या खडीचा उथळ पट्टा ठेवला. पागोळ्यांचे शिंतोडे त्यावर उडून भिंतीवर कमी येतात आणि जमीन उघडी राहते. पट्ट्यापासून पुढे दोन मीटरपर्यंत जमिनीला १ : २० चा उतार भिंतीपासून दूर दिला.

त्या दोन मीटरवर खरा निचऱ्याचा चर. डोंगराकडून मुरमाच्या थरावरून झिरपत येणारे पाणी घरापर्यंत पोचण्याआधी तिथेच अडवायचे. तळ पायाच्या तळापेक्षा थोडा खाली गेला, पण पायाच्या तळापासून ४५ अंशांत उतरती रेघ धरली तर चर तिच्या बराच वर राहतो, त्यामुळे भिंतीला धोका नव्हता. चरात आधी जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर खडी, १०० मिलिमीटरची भोके असलेली नळी, पुन्हा खडी, आणि कापड वरून दुमडून घेतलेले. कापड नसले तर बारीक माती खडीत शिरते आणि काही वर्षांत चर नावालाच उरतो. नळीची भोके खालच्या अंगाला ठेवली, यावर कामगारांशी बराच वाद झाला. पाणी चरात तळापासून भरत येते, म्हणून भोके खाली असली की ते लवकर नळीत शिरते. चराची लांबी १८ मीटर आणि उतार १ : १००, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १८ सेंटिमीटर. एवढा उतार डोळ्याला दिसत नाही, म्हणून पाण्याच्या लेव्हलनळीने दर काही मीटरवर तपासला. दोन्ही टोकांना साफसफाईची तोंडे ठेवली.

पन्हळीचे पाणी या नळीत सोडले नाही. सोडायचा मोह होतो, कारण चर खणलेलाच असतो. पण भोकाच्या नळीत छपराचे पाणी घातले तर जोराच्या सरीत ते भोकांतून बाहेर पडून जमिनीतच मुरते, तेही घराच्या मागेच. त्यासाठी निराळी बंद नळी टाकली. दोन्ही नळ्या घराच्या बाजूने वळवून पुढच्या उतारावर, शेजारच्या हद्दीत पाणी जाणार नाही अशा बेताने सोडल्या.

मग भिंत मोकळी करायची पाळी आली. आतला सिमेंटचा पट्टा काढायला गवंडी तयार होईना.

"ताई, हे काढलं तर भिंत उघडी पडेल."

"उघडीच पडू दे, मिस्त्री. इतकी वर्षं झाकून काय मिळालं ते दिसतंयच की."

पट्टा निघाला. बाहेरच्या सिमेंटच्या दर्जा छिन्नी-हातोडीनेच काढल्या. कटर लावला की दगडाच्या कडा जातात. जिथे सिमेंट दगडाला इतके चिकटले होते की काढताना दगडच फुटला असता, तिथे ते तसेच ठेवले. मागच्या भिंतीत टेकलेल्या माळ्याच्या तुळयांची टोकेही याच वेळी टोच्याने तपासली. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की कूज धरण्याचा धोका असतो. दोन टोके मऊ लागली, तेवढी कापून नवे लाकूड जोडले.

वाट पाहणे

यानंतर काहीच करायचे नव्हते आणि ते सर्वांना सर्वांत जड गेले. जाड भिंत वाळायला दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना असा ढोबळ हिशेब धरतात. ५५ सेंटिमीटरला तो २२ महिने येतो. उघड्या दगडाची खोली घरात कोणाला दाखवायची, हा प्रश्न निघाला. घाईने गिलावा करून टाकू, असेही ठरत होते. शेवटी पूर्ण एक पावसाळा भिंत उघडी ठेवण्यावर तडजोड झाली. लोणा सुका असताना ब्रशने झाडून काढायचा, पाण्याने कधीच धुवायचा नाही. धुतला की तो विरघळून परत भिंतीत जातो.

पावसाळ्यात मागच्या भिंतीवर नवा डाग आला नाही. वजने घटत गेली, तळाशी सर्वांत हळू. मग बाहेर एक भाग चुना आणि तीन भाग जाडसर वाळू अशा मिश्रणाने दर्जा भरल्या आणि गोणपाट भिजवून उन्हा-वाऱ्यापासून झाकून ठेवल्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. लवकर सुकला तर त्याचा भुगा होतो. आत चुन्याचाच गिलावा, वर चुन्याची सफेदी. प्लास्टिकचा रंग नाही.

कपाट भिंतीपासून एक हात पुढे ओढले. दमट दिवसांत दुपारी खिडक्या बंद, आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हा उघड्या. एक आर्द्रतामापक आत, एक बाहेर. आतल्या आणि बाहेरच्या आर्द्रतेचे आकडे नुसते ताडून चालत नाही, तापमानही पाहावे लागते, म्हणून दवबिंदूचा छोटा तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवला.

जे राहिले

मधल्या भिंतीचा डाग अजूनही दमट दिवशी उमटतो. नळी बदलली आहे, गाभ्यातला चुना वजनाने कोरडा आहे, तरी डाग. कारण सांडपाण्याने वर्षानुवर्षे भरलेले क्षार तिथेच आहेत, आणि ते हवेतले पाणी ओढतात. साध्या मिठालाही हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी सुटते, आणि काही नायट्रेट तर त्याहून बरीच कमी आर्द्रता असतानाही भिजतात. नळी पुन्हा फुटली असे समजून फरशी खोदायची चर्चा घरात दोनदा झाली. त्या पट्ट्यावर चुन्याचा कमकुवत गिलावा मुद्दाम दिला आहे, क्षार त्यात यावेत आणि तो काढून नवा देता यावा म्हणून. पहिला गिलावा निघायला आला आहे.

मागच्या जिन्याखालची सुमारे दीड मीटर लांबीची भिंतही सुटली नाही. तिथे जिन्याचा दगडी पाया भिंतीला जुळलेला आहे आणि माती खाली उतरवायची तर जिना उतरवावा लागेल. ती जागा आतून उघड्या दगडाचीच ठेवली आहे, चुन्याच्या दर्जा भरून, गिलावा न करता. तिथली पेन्सिलची रेघ पुसलेली नाही. पुढच्या पावसाळ्यात डाग तिच्याबाहेर गेला तर जिना काढायचा की नाही ते घरच्यांनी ठरवायचे आहे, आणि त्यावर अजून त्यांचे एकमत नाही.